आमचा एक

वानखडे सर कुठल्याही खोलीत शिरले की आधी दारं मोजायचे, मग खिडक्या, मग माणसं. हे ते लपूनछपून करत नसत. तर्जनी थोडी वर करून, ओठ हलवत, मराठीत मोजायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या कॉलेजच्या टेस्टिंग सेंटरच्या, म्हणजे चाचण्या घेतात त्या खोलीच्या, दारात उभे होते आणि त्यांच्या तोंडून "चौदा" ऐकून मी दचकलेच. शॉमबर्गपासून पंचवीस मिनिटांवरच्या त्या कॉलेजात तोवर मराठीतला आकडा माझ्या कानावर पडला नव्हता.

"पंधरा," मी म्हणाले. "एक बाई प्रिंटरच्या मागे बसल्या आहेत."

त्यांनी वाकून पाहिलं. "बरोबर. पंधरा." मग काही विचारपूस नाही, गाव कोणतं नाही, आडनाव नाही. "ताई, या खोलीला दार एकच आहे का?"

"एकच."

"एका दाराच्या खोलीचं भेव वाटते बाप्पा मले."

आमच्या सांगलीकडे भीती म्हणतात. नागपूरच्या वानखडे सरांचं 'भेव' मला त्या दिवशी भीतीपेक्षा जुनं आणि जास्त खरं वाटलं. घरी येऊन मी माझ्या खुर्चीपासून त्या एकुलत्या एका दारापर्यंतचं अंतर मनात आठवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी चालून मोजलं. अकरा पावलं. तोवर मी तिथे तीन वर्षं काम करत होते, आणि हा आकडा मला माहीत नव्हता.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे भारतातल्या नातेवाइकांना समजावताना माझी नेहमी दमछाक होते. त्यांना कॉलेज म्हणजे प्रवेशाची मारामारी ठाऊक. इथे दार सगळ्यांना उघडं. वयाची अट नाही, टक्क्यांची नाही. कुणी नर्स व्हायला येतं, कुणी वेल्डिंग शिकायला, कुणी गाड्या दुरुस्त करायला, कुणी पदवीची पहिली दोन वर्षं इथे काढून पुढे मोठ्या विद्यापीठात जातं. नुकतं या देशात आलेलं माणूस इंग्रजी शिकायला येतं. कॉरिडॉरमध्ये निळ्या कपड्यातल्या नर्सिंगच्या मुली, ग्रीसचा वास घेऊन फिरणारे मेकॅनिक आणि केस कापायच्या सरावासाठी रबरी मुंडकी काखोटीला मारून चाललेल्या ब्युटी पार्लरच्या विद्यार्थिनी एकाच वेळी दिसतात. एकदा कॅन्टीनमध्ये सरांनी असंच एक मुंडकं माणसात मोजलं होतं. चूक कळल्यावर पुढचे दोन दिवस त्यांनी ती स्वतःच सगळ्यांना सांगितली. आकड्याची चूक लपवायची नाही, हा त्यांचा नेम होता.

कॉलेजचा इतिहास तिथल्या कुठल्याही कायम प्राध्यापकापेक्षा त्यांना जास्त माहीत होता, आणि ते कायम नव्हते. दर सत्राला नवं पत्र यायचं तेव्हा त्यांचा वर्ग पक्का व्हायचा. आमच्या इमारतीच्या दाराशी एक जुना फोटो आहे: एकच विटांची इमारत आणि चारी बाजूंना मका. त्याआधी कॉलेजला स्वतःचं छप्परही नव्हतं. जवळच्या हायस्कूलमधली मुलं दुपारी घरी गेली की त्याच बाकांवर ही मोठी माणसं बसायची. मग मक्याचं शेत घेतलं, इमारती झाल्या आणि त्यांना नावांऐवजी अक्षरं दिली. ए, बी, सी, करत एमपर्यंत.

"त्यात आय नाही," सर सांगायचे. "काहून माहीत आहे? आय लिहिला तर एक वाटते. माणूस एक नंबरची इमारत शोधत फिरंल. म्हणून एचनंतर सरळ जे. काय हुशार लोक होते पाहा ताई! एका रेघेनं माणूस हरवू नये म्हणून आख्खं अक्षर सोडून दिलं."

ही गोष्ट त्यांनी मला चार वेळा तरी सांगितली असेल. तिची मला पुढे अशी आठवण होईल असं वाटलं नव्हतं.

कॉलेजात येणाऱ्यांची गणिताची चाचणी मी घ्यायचे. ज्यांना ती जमायची नाही ते माझ्या समोरच्याच वर्गात, सरांकडे जायचे. बेरीज-वजाबाकीपासून सुरुवात. विद्यार्थी विशीपासून साठीपर्यंतचे. पहिल्या दिवशी ते प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगत, गणितातल्या कशाचं भय वाटतं ते. नाव लिहायचं नाही. बहुतेक जण अपूर्णांक लिहीत. एकाने लिहिलं होतं, 'तुम्ही मला फळ्यापाशी बोलवाल याचं.' सरांनी त्या सत्रात कुणालाच फळ्यापाशी बोलावलं नाही, कारण तो कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

अपूर्णांकासाठी त्यांच्याकडे वेगळीच युक्ती होती. इंग्रजीत तीन-चतुर्थांश म्हणायला दोन शब्द लागतात, म्हणून माणूस घाबरतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते वर्गाला पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच शिकवायचे. ब्रेंडा नावाची एक आजी त्यांच्या वर्गात होती, दोन नातवंडांची. शाळा अर्धवट सुटून चाळीस वर्षं झाली होती. तिला 'दीड' फार आवडला. माझ्या टेबलाशी येऊन म्हणायची, "मी बसची दीड तास वाट पाहिली," आणि सगळं वाक्य इंग्रजीत असून 'दीड' तेवढा अस्सल नागपुरी.

एका जानेवारीत आगीच्या घंटेची तालीम झाली. बाहेर बर्फ, वारा, आम्ही सगळे कोट न घालता पार्किंगमध्ये उभे. सरांनी वर्ग मोजला. वीस. परत मोजला. वीस. आत वर्गात एकवीस होते. आणि सर वळून इमारतीत चालू लागले. सुरक्षा विभागाचा माणूस ओरडला, तरी थांबले नाहीत. चार मिनिटांनी ब्रेंडाला घेऊन बाहेर आले. ती टॉयलेटमध्ये होती, घंटा ऐकून तिथेच गोठून बसली होती. सरांना सर्वांसमक्ष ताकीद मिळाली: पुन्हा आत जायचं नाही.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली ना. पण आत जाण्यापेक्षा त्या माणसाला 'वीस' सांगण्याचं भेव जास्त होतं."

असं सगळंच त्यांना भ्यायला लावायचं. लिफ्ट, पाठीमागून उघडणारं दार, अनोळखी नंबरचा फोन, पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून उभी असलेली गाडी. स्टाफरूममध्ये त्यांची थोडी थट्टाही चालायची. पण या सगळ्याच्या मुळाशी एकच भीती होती, आपल्या मोजणीतलं माणूस आपल्या हातून हरवेल ही. तिचं कारण त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं. आवाज न चढवता, पोळीचा तुकडा मोडत.

"आमचे वडील शाळेत जात. वर्गात नाही, ओट्यावर बसत. मास्तर हजेरी घेत तेव्हा वहीत नाव होतं, कारण सरकारनं सांगितलं होतं. पण सुटताना मास्तर पोरं मोजत ना, ओढा ओलांडून घरी न्यायले, तेव्हा ओट्यावरचे धरत नसत. पटावर होते ताई, मोजणीत नव्हते. एका पावसाळ्यात वडील ओढ्याच्या अलीकडेच राहिले. रात्रभर. कुणाला पत्ताच नाही." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "म्हणून मी सारे मोजतो. उशिरा आलेला, दारात उभा असलेला, सारे."

दर सप्टेंबरमध्ये आम्हाला बंदूकधारी माणूस इमारतीत शिरला तर काय करायचं याचं प्रशिक्षण असतं. दार लावा, दिवे घालवा, खाली बसा, आवाज नको. प्रत्येक खोलीत एक हिरवं आणि एक लाल कार्ड असतं. सगळे सुखरूप असतील तर हिरवं, कुणी जखमी असेल तर लाल. त्यावर आत किती माणसं आहेत तो आकडा लिहून दाराखालून सरकवायचं. त्यात शिकवणारा धरायचा की नाही, याबद्दल सूचनेत एक ओळ नव्हती. मी नंतर तपासलं. माझी मुलगी बालवाडीपासून अशा तालमी करत आली आहे. मी घरी येऊन गप्प बसले की म्हणते, "आई, इट्स जस्ट अ ड्रिल."

त्या ऑक्टोबरमधल्या मंगळवारी ती तालीम नव्हती.

दहा चाळीसला खोलीतले सगळे फोन एकदम वाजले. एफ इमारतीत शस्त्र घेतलेला माणूस दिसल्याची खबर आहे, दारं लावा. आम्ही एफ इमारतीतच होतो. माझ्याकडे चार जण चाचणी देत होते. अकरा पावलं चालून मी दार लावलं. कशी चालले ते आठवत नाही. दिवे घालवले. टेबलाखाली बसल्यावर माझ्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या. एक एक करून बांगड्या काढल्या आणि गालिच्यावर ठेवल्या. हिरव्या कार्डावर पाच लिहिलं. चार परीक्षार्थी आणि मी. स्वतःला धरावं की नाही, हा प्रश्न माझ्या मनातही आला नाही.

समोरच्या वर्गातून एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी फोनवर लिहिलं, 'सर?' उत्तर आलं, 'सारे खाली आहेत.' पुढे कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली. कुणीतरी आमच्या दाराची मूठ फिरवली. एकदा. थांबली. पुन्हा एकदा. माझ्या शेजारच्या मुलाने माझ्या हाताला इतकं घट्ट धरलं की नखांचे वण दुसऱ्या दिवशीपर्यंत होते. पावलं पुढे गेली. ती पोलिसांची होती, पण ते आम्हाला कुणी सांगणार कसं?

सव्वा तासाने पोलिसांनी दार उघडलं. हात डोक्यावर ठेवून, ओळीने, टेनिस कोर्टाशेजारच्या गवतावर आम्हाला नेलं. थोड्या वेळाने सरांचा वर्ग आला. त्यांना आमच्यापासून वेगळं, लांब एका रांगेत बसवलं. सर शेवटी. त्यांचा चष्मा नाकावर नव्हता. एक अधिकारी त्यांच्यासमोर वाकून काही विचारत होता आणि सर पुन्हा पुन्हा मान हलवत होते. मग चार पोलीस बंदुका घेऊन धावत इमारतीत परत शिरले.

आत अजून कुणीतरी आहे, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

एक पोलीस बाई आमच्याकडे आल्या. "या वर्गाची माहिती कुणाला आहे? कार्डावर एकोणतीस लिहिलंय. बाहेर आले बावीस. सात जण सापडत नाहीत. शिक्षक एकवीस म्हणतायत, पण त्यांना काही सुचत नाहीये."

सात. माझ्या डोळ्यांसमोर ते सातजण आले, फळ्याखाली, कपाटात, जमिनीवर. बाईंनी फोनवर कार्डाचा फोटो दाखवला. हिरवं कार्ड, जाड मार्कर, दोन अंक.

२१.

मला वाचायला क्षणभर लागला, कारण मी इंग्रजी वाचायच्या तयारीत होते.

"हे एकवीस आहे," मी म्हणाले.

"मॅडम, हा नऊ आहे."

"नऊ नाही. एक आहे. आमचा एक असा असतो."

मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि त्यांच्याच वहीत एकपासून दहापर्यंत मराठीत लिहून दाखवलं. एकाभोवती गोल काढला. एचनंतर जे असलेल्या त्या कॉलेजात, इतकी काळजी घेऊनही, शेवटी एक हाच अंक दगा देऊन गेला.

मला वाटलं, संपलं. पण मी पोलीस बाईंचा चेहरा बदलताना पाहिला.

"म्हणजे आत एकवीस होते," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि माझ्याकडे बावीस आहेत. एक जास्त आहे."

त्यांनी खांद्यावरच्या रेडिओत काहीतरी सांगितलं. पुढच्या क्षणी त्या रांगेकडे चार बंदुका वळल्या आणि कुणीतरी ओरडलं, पालथे पडा, हात पुढे. बावीस माणसं गवतात तोंड घालून पडली. ब्रेंडाला गुडघ्यामुळे लवकर पडता येईना. तिच्यावर दोनदा ओरडले. त्या रांगेत तोच बंदूकवाला लपला आहे, असं सगळ्यांनी धरलं होतं. क्षणभर मीही धरलं. रांगेतला प्रत्येक चेहरा मी ओळखत होते, तरी मी त्यात अनोळखी चेहरा शोधू लागले, आणि खरं सांगते, एक-दोन चेहरे मला अनोळखी वाटूही लागले.

मग मी मोजायला लागले. भेव वाटलं की दुसरं काय करणार? या टोकापासून, मराठीत, एक, दोन, तीन. एकवीसपर्यंत सगळे विद्यार्थी. बाविसावे सर. गवतात गाल टेकून, डोळे मिटून.

"शिक्षक," मी म्हणाले. "त्यांनी स्वतःला मोजलं नाही."

"एवढ्या लोकांना मोजून स्वतःला का मोजणार नाही कुणी?" पोलीस बाईंनी विचारलं.

"पट मागवा," मी म्हणाले. ऑफिसमधून पट आला. चोवीस नावं, तीन गैरहजर. एकवीस. तेव्हा कुठे बंदुका खाली झाल्या.

बंदूकवाला कुणी नव्हताच. जमीन मोजणीच्या कोर्सचा एक विद्यार्थी लांब काळ्या पिशवीत तिवई घेऊन चालला होता. कुणाला ती बंदूक वाटली. ज्याला वाटली त्याला मी दोष देत नाही.

पण सात माणसं एकोणीस मिनिटं बेपत्ता होती. गेटबाहेर थांबलेल्या नातेवाइकांपर्यंत तो आकडा पोचला होता. ब्रेंडाच्या मुलीला तिथे रस्त्याच्या कडेला उलटी झाली. सरांनी त्याच आठवड्यात डीनना पानभर पत्र लिहिलं, की मी घाबरून माझ्या अंकांत लिहिलं, चूक माझी आहे. डीननी चांगलं उत्तर दिलं, चूक कुणाची नाही म्हणून. तरी पुढचे दोन आठवडे सर आले नाहीत. त्यांचा वर्ग दुसऱ्या बाई घेत होत्या.

मी त्यांना भेटायला गेले. पत्नी गेल्यापासून ते एकटेच राहत. चहा त्यांनी स्वतः केला. बैठकीच्या खोलीत त्यांची खुर्ची अशी होती की दोन्ही दारं दिसावीत.

"सात माणसं माझ्यामुळे हरवली ताई."

"ती माणसं नव्हतीच, सर."

"जे शोधायले गेले त्यांच्यासाठी होती ना."

कप अर्धा झाल्यावर मी म्हणाले, "एक माणूस मात्र खरंच राहिला होता."

"कोण?" त्यांचा हात टेबलाच्या कडेवर गेला.

"तुम्ही. पटावर होता. मोजणीत नव्हता."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मी मास्तर होतो ना," ते म्हणाले. "मोजणारा होतो." आणि मग, माझ्याशी नव्हे, "असंच राहून जाते माणूस."

पुढच्या सोमवारी ते वर्गावर आले. ब्रेंडाने काय केलं असेल तर फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मराठी २१ लिहून ठेवला होता. मार्कर कोरडा होईपर्यंत गिरवलेला. सरांनी तो पुसला नाही. पण शिकवताना तिकडे पाठ येणार नाही असे उभे राहिले.

मे महिन्यात त्यांचं मुलीकडे रेडमंडला जायचं ठरलं. निरोपाला केक होता, भाषणं झाली, सर दोन वाक्यं बोलले. पण मला ते तिथले आठवत नाहीत. मला त्याआधीची, एप्रिलमधली तालीम आठवते. कळवून ठेवलेली तालीम. सगळ्यांना ठाऊक होतं की काही नाही. कार्डं गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. दिवे गेलेल्या कॉरिडॉरमधून मी एकटी चालले होते आणि माझ्याच बुटांचा आवाज मला सहन होत नव्हता. आतल्या लोकांना तो कसा ऐकू येत असेल, हे मला आता माहीत होतं.

सरांच्या दाराखाली हिरवं कार्ड अर्धं बाहेर आलेलं होतं. मी वाकले. पहिल्यांदा १७ लिहिलं होतं, आपलं. ते खोडून शेजारी इंग्रजी 17. तेही खोडलेलं. त्याखाली मोठं 18.

मी कार्ड ओढलं. ते येईना. दाराखालच्या फटीतून त्यांच्या दोन बोटांची टोकं दिसत होती, नखं दाबून पांढरी झालेली. त्यांनी दुसरं टोक सोडलं नव्हतं. बाहेर कोण आहे, त्यांना काय माहीत?

"सर," मी दाराला तोंड लावून हळूच म्हणाले, "मी आहे. अठरा."

मी वाकूनच राहिले. मग बोटं सुटली.